काय म्हणालात, वहिनी?

शेजारचे अण्णा सातपूरच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होते. कान तिथेच गेले. हृदय नंतर कमजोर झालं. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारातून भाजी घेऊन आम्ही दोघं बरोबर परत यायचो. चढावर ते सारखे थांबत, माझ्याकडे वळून विचारत, "काय म्हणालात, वहिनी?" मी मेथीचा भाव पुन्हा सांगे.

एकदा मी काहीच बोलले नव्हते, तरी ते थांबले. छाती भात्यासारखी चालली होती. मग मला कळलं. तेव्हापासून चढ लागला की मी बोलायला लागायची.

अण्णांच्या मुलाने त्यांना बजावलं होतं, "धाप लागली तर बाजार बंद." त्याने कानाचं मशीन आणलं आणि एक दिवस बघायला स्वतः बरोबर आला. चढ सुरू होताच अण्णांनी खिशातल्या मशीनच्या डबीचं बटण बंद केलं. ते मला दिसलं, मुलाला नाही. चार पावलं जाऊन थांबले. "काय म्हणालात, वहिनी?"

मुलगा वैतागला. "मावशी, मोठ्याने बोला ना जरा. तुमच्यामुळे थांबावं लागतं त्यांना."

माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो, हे त्यालाही माहीत आहे.

"घसा बसलाय रे," मी म्हटलं.