रहीमभाईंचा दाखला

घर बघायला आलेला माणूस आधी पाणी किती वेळ येतं ते विचारतो. रहीमभाईंनी पिशवीतून प्लॅस्टिकची फाईल काढून माझ्यापुढे धरली.

"आधी हा कागद वाचा साहेब. मग घर दाखवा."

"त्यांना बसू तर द्या," त्यांची बायको हुस्नबानो म्हणाली. "मग काढा तुमचा तो पंचनामा."

कागद अलिबागच्या कोर्टाचा होता. उरणजवळच्या करंजा बंदरावर रहीमभाईंचा बर्फाचा कारखाना होता. होड्या उधारीवर बर्फ भरून समुद्रात जायच्या. लागोपाठ दोन हंगाम वाईट गेले, होडीवाले बुडाले आणि त्यांच्यामागोमाग हेही. अशा वेळी लोक आखातात जातात नि फोन नंबर बदलतात. हे गृहस्थ स्वतः कोर्टात गेले आणि मी नादार आहे, माझं असेल नसेल ते घ्या, असं लिहून देऊन आले. कारखाना गेला, राहतं घर गेलं. उरला हा हुकूम. "मी पळालो नाय, त्याचा हा सबूत," म्हणून ते तो प्रत्येक घरमालकाला दाखवत. त्यांच्या लेखी तो चालचलणुकीचा दाखला होता. घरमालकांच्या लेखी काय होता, ते सांगायला नको. नवीन पनवेलमध्ये मुसलमान म्हटल्यावर निम्मे एजंट फोन ठेवायचे. उरलेल्यांचं काम ही फाईल करायची. माझ्याआधी नऊ जणांनी नाही म्हटलं होतं.

मी हो म्हटलं. एवढं खरं बोलणारा माणूस भाडं काय बुडवणार, असं वाटलं. शिवाय आई गेल्यापासून तिचा फ्लॅट बंदच होता. पुढे चारचौघांत मी ही गोष्ट फार रंगवून सांगितली. मोठेपणा मिरवायची मला खोड आहे.

ही २०११ची गोष्ट. करार एप्रिलपासून अकरा महिन्यांचा. रहीमभाई कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर कामाला लागले. मुलगी यूम्ना दहावीत गेली. भिंतीत खिळा मारू का, हे विचारायला रहीमभाई जुन्या पनवेलला माझ्या घरापर्यंत आले होते. खिळा एकच, यूम्नाचं वेळापत्रक लावायला.

दिवाळीनंतर कोर्टाचा बेलीफ तारखेची नोटीस घेऊन सोसायटीत आला. नवा पत्ता कोर्टाला रहीमभाईंनीच कळवला होता, दुसरं कोण कळवणार! बेलीफनं तळमजल्यापासून दारं वाजवत घर शोधलं. संध्याकाळी सेक्रेटरीचा मला फोन. मग माझा मेहुणा दीपेश सुरू झाला, "नादाराला घर दिलंत? उद्या कोर्ट तुमच्याच फ्लॅटला सील ठोकेल."

मी चौतीस वर्षं नगरपालिकेत कारकुनी केली आहे. भाडेकरूच्या कर्जापायी मालकाचं घर जात नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी मुळातच भित्रा, त्याला कायदा काय करणार? फेब्रुवारी लागताच मी त्यांच्याकडे गेलो आणि सांगून टाकलं, "करार आता वाढवता येणार नाही. एक मार्चला माझा भाचा येतोय नाशिकहून. नोकरी लागलीय त्याला इकडे."

रहीमभाईंनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवलं. "यूम्नाचे पेपर मार्चमध्ये हायत, साहेब. संपले की दुसऱ्या दिवशी किल्ली देतो."

एका महिन्याचा तर प्रश्न होता. पण तारखेसकट खोटं बोलून बसलेला माणूस मागे कसा येणार? "त्याचं तिकीट काढून झालंय," मी म्हणालो.

"बरोबर हाय. घरचा माणूस पहिला." त्यांना ते पटलं. हुस्नबानोनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि चहाचे कप उचलून नेले.

निघताना रहीमभाई म्हणाले, "साहेब, तुमचं अक्षर सुरेख हाय. आमच्याबद्दल दोन ओळी लिहून द्या. पुढच्या मालकाला दाखवीन."

मी लिहून दिलं. भाडं वेळेवर, वागणूक सचोटीची, अकरा महिन्यांत एक तक्रार नाही. खाली सही, फोन नंबर. त्यांनी चिठ्ठी फाईलमध्ये कोर्टाच्या हुकमाच्याही वर ठेवली. मला तेव्हा बरं वाटलं, याची आज लाज वाटते.

महिनाअखेरीला ओवे गावाहून बुधाजी नावाच्या माणसाचा फोन आला. त्याच्या चाळीत एक खोली रिकामी होती.

"चिट्टी तुमीच लिवली हाय ना? मानूस चांगला हाय?"

"अगदी चांगला."

"मंग तुमी त्याला का काढता? खरं सांगा. मना कोर्टाचं लफडं नको."

भाच्याचं नाव सांगायला किती वेळ लागतो? पण उद्या काही झालं तर हा माणूस माझ्या सहीचा कागद घेऊन माझ्याच दारात येईल, एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं.

"तुमचं तुम्ही बघा," मी म्हणालो.

"समजलं," बुधाजी म्हणाला. "नायच देत मंग."

एकोणतीस तारखेला रहीमभाईंनी किल्ली आणून दिली. फ्लॅट झाडून पुसून ठेवला होता. खिळ्याचं भोकसुद्धा त्यांनी चुन्यानं बुजवलं होतं. भाचा अर्थातच आला नाही. सोसायटीला पसंत पडेल असा भाडेकरूही मिळाला नाही, आणि फ्लॅटला पुन्हा कुलूप लागलं.

जूनमध्ये पनवेलच्या एसटी स्टँडवर दोघं नवरा-बायको भेटली. मला पाहून रहीमभाई लगबगीनं पुढे आले.

"घर मिळालं, साहेब. ओव्याला, बुधाजी म्हणून हायत त्यांच्याकडे. तुमची चिठ्ठी बघितली, लगेच हो म्हणाले."

कोर्टापुढेही खोटं न बोललेला माणूस माझी लाज राखायला खोटं बोलत होता. मला तोंड वर करवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी यूम्नाचा निकाल विचारला.

"तीन पेपर दिले तिनं," हुस्नबानो म्हणाली. "माझ्या बहिणीच्या घरून, करंजाहून एसटीनं येऊन. चौथ्याला गाडी चुकली. मग गेलीच नाय."

रहीमभाई फाईल या हातातून त्या हातात करत राहिले. उरणची गाडी लागली. पायरीवर पाय ठेवता ठेवता हुस्नबानो वळली.

"भाचा रमला का हो तुमचा?"

"रमला," मी म्हणालो.