साव्हेरियाचा एकच उमेदवार

दक्षिण इटलीत, कालाब्रियातल्या आमच्या डोंगरगावात खासदारकीच्या मतपत्रिकेवर पूर्वी चार उमेदवारांचे आकडे लिहिता येत. सोय चांगली होती, पण ती नुंझियोच्या हाती लागली. नोकऱ्या लावून देणारा आणि त्या बदल्यात मतं गोळा करणारा हा माणूस. त्यानं घराघराला आकड्यांचा वेगळा क्रम ठरवून दिला होता. शाळेत झाडलोट करणाऱ्या साव्हेरियाचा क्रम सात, दोन, अकरा, चार. मोजणीत मतं मोठ्यानं वाचली जात आणि नुंझियो कोपऱ्यात कान देऊन बसे. क्रम ऐकू आला तर घर इमानी, नाही आला तर मेलंच म्हणायचं.

सत्त्याऐंशी साली साव्हेरियानं धाडस केलं. गावच्या पाण्यासाठी भांडणाऱ्या फेमियाबाईंना तिनं मत दिलं. आठ दिवसांत नोकरी गेली. विधवा बाई, दोन वर्षं परक्याच्या बागेत ऑलिव्ह वेचत होती. शेवटी नुंझियोपुढे नाक घासून तिनं नोकरी परत मिळवली. त्या नाक घासण्याची तिला ऑलिव्ह वेचण्यापेक्षा जास्त लाज वाटे.

उत्तरेकडचा एक प्राध्यापक दर उन्हाळ्यात यायचा. इथल्यांच्या रक्तातच लाचारी आहे, हजार वर्षांची खोड आहे, असं तो सांगायचा. गाव माना डोलवायचं. स्वतःला नावं ठेवण्यात आमचा हात कोण धरणार!

मग कायदा बदलला. मतपत्रिकेवर आता एकच नाव. एका नावाला कसला आलाय क्रम?

ब्याण्णवच्या निवडणुकीआधी नुंझियो दारोदार फिरला. खाल्ल्या मिठाला जागा, असं सांगत सुटला. साव्हेरियानं त्याला कॉफी पाजली आणि हो हो म्हटलं. मतदान शाळेतच होतं. सकाळी तिनं स्वतः झाडलेल्या वर्गात, पडद्याआड, तिनं ‘फेमिया’ लिहिलं. एकही अक्षर चुकलं नाही.

नुंझियोला एकशे चाळीस मतांचा शब्द मिळाला होता. निघाली एकेचाळीस. फेमियाबाईंनी आमच्या गावात त्याच्या उमेदवाराला चारी मुंड्या चीत केलं.

दुसऱ्या दिवशी तो घरोघर जाब विचारत हिंडला. सगळ्यांनी, अगदी पाद्र्याच्या बहिणीनंसुद्धा, मुलाबाळांच्या आणि देवाच्या शपथा घेतल्या. दुपारी तो शाळेत येऊन पोरांच्या बाकावर बसला.

“साव्हेरिया, तू तरी खरं सांग. कुणाला दिलंस?”

“तुम्ही सांगितलंत त्यालाच की, नुंझियोभाऊ. आईशप्पत.”

“सगळे हेच म्हणतायत. लोकांचं रक्तच फिरलं गं.”

साव्हेरियाला इतका आनंद झाला होता की हसू ओठांत मावेना. तिनं झाडू उचलला.

“रक्त कशाला फिरतंय? तुम्हाला आता ऐकू येत नाही, एवढंच. पाय वर घ्या, मला झाडायचंय.”

नुंझियोनं पाय वर घेतले.