जाळीत अडकलेली चिंधी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. नऊ वर्षं झाली — सांगायला तोंड उघडतो आणि भलतंच काहीतरी बोलून मोकळा होतो. तुम्ही दामूकाकांना ओळखत नाही, म्हणून कदाचित आज जमेल.

काका आणि मी उल्हासनगरच्या एका गॅरेजात जुनी इंजिनं दुरुस्त करायचो. खोलणं-बांधणं माझ्याकडे, धुणं त्यांच्याकडे. धुणं म्हणजे हलकं काम वाटेल तुम्हाला — नाही हो. डिझेलच्या परातीत काका एकेक भाग ब्रशने घासायचे, ऑइलच्या भोकांत तार घालायचे, हवा मारायचे, आणि शेवटी करंगळी आत फिरवून बघायचे. करंगळी कोरी निघाली तरच भाग माझ्या हातात. तीस वर्षांत त्यांनी धुतलेलं इंजिन परत आलं नव्हतं.

पुसायला आमच्याकडे जीन्सच्या कारखान्यांतल्या चिंध्या असत, गोणी भरून. वरून खरवडताना कचरा आत पडू नये म्हणून इंजिनाच्या ब्लॉकची भोकं या चिंध्यांनीच बुजवायची. काकांचा नियम एकच — खोचेल त्यानेच काढायची, आणि मोजून काढायची. मी टर उडवायचो. काका, ही काय लग्नातली भांडी आहेत मोजायला?

बदलापूरच्या एका गिऱ्हाइकाची जुनी डिझेल गाडी होती. काकांनी इंजिन धुऊन दिलं, मी खालून ऑइलचं चेंबर बसवलं, आणि मग वर जुन्या गॅस्केटचा तुकडा चिकटलेला दिसला. चिंध्या खोचल्या, तुकडा खरवडला, चिंध्या काढल्या. किती खोचल्या होत्या? मोजल्याच कुठे होत्या मी!

आठवड्याने बारवी धरणाच्या रस्त्यावर इंजिन जाम झालं. गाडी ओढून आणली. चेंबर मी उघडलं, शेजारी कोणी नव्हतं. ऑइल खेचणाऱ्या जाळीवर निळी चिंधी गच्च बसली होती. ऑइल वर जाणंच बंद झालेलं, बेअरिंग जळून गेलेलं.

चिंधी मी खिशात घातली. गॅरेजचा सेठ आला, काय झालं म्हणाला. नुसता गप्प बसलो असतो तरी — नाही, मी बोललो. धुण्यात कचरा राहिला, असं बोललो. काकांच्या देखत.

ते भांडले असते तर मी कबूल केलं असतं, असं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. तेही खोटंच. काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि म्हणाले, "माझीच नजर गेली रं." सेठ मऊ आवाजात म्हणाला, "दामू, बहुत किया तूने. अब घर बैठ." ते घरी बसले.

मोरिवलीत राहतात ते. मी महिन्यातून एकदा जातो. किती जीव लावतो हा, असं त्यांची सून शेजाऱ्यांना सांगते, आणि मला स्वतःची किळस येते. तरी जातो. का जातो? सांगायलाच जातो दर वेळी. काकांना आता स्वतःच्या हाताचा भरवसाच राहिलेला नाही. साधा कप विसळला तरी सुनेला दाखवतात.

मागच्या खेपेला ती घरात नव्हती. काकांनी कप विसळला, करंगळी आत फिरवली आणि माझ्यापुढे धरला. "बघ रं, राहिलंय का काय?"

कप लख्ख होता. "नाही काका," म्हणालो, आणि त्यात चहा प्यायलो.