हाका मारत चालणारी बाई

धबधब्यावरून परतताना मी कॉलेजच्या मित्रांच्या मागे पडलो आणि सागाच्या जंगलातल्या पायवाटेवर एकटाच उरलो. या भागात बिबट्या दिसल्याचं सकाळीच फाट्यावर ऐकलं होतं. पाचोळ्यावर वाजणारे माझेच पाय मला दुसऱ्या कुणाचे वाटू लागले.

तेवढ्यात डोक्यावर सीताफळांची टोपली घेतलेली एक म्हातारी झाडीतून वाटेवर आली आणि माझ्या पुढे चालू लागली. थोडं चालायची, मग वळून माझ्या पलीकडे बघत ओरडायची, "अवो, चाला ना लवकर!" आणि कुणी उत्तर देत असल्यासारखी थांबायची. मी मागे पाहिलं. कुणीच नव्हतं.

"मावशी, कोणाले बोलावता?"

"आमच्या बुढ्याले. तो घरी झोपला असन." ती हसली. "येकटं माणूस पाह्यलं का बिबट मांगं लागते. दोघं हायेत, असं त्याले वाटलं पायजे."

"तुमाले भेव वाटते?"

"नसतं वाटलं, तर घसा कायले फोडला असता?"

डांबरी रस्त्यावर मित्र भेटले. तिचं गाव मात्र अजून टेकडीपलीकडे होतं.

"सोबत येऊ का?" मी भीतभीतच विचारलं.

"आन मंग तुले वापस पोचवाले कोण येईन?"

ती एकटीच झाडीत शिरली. थोड्या वेळानं आतून हाक आली, "अवो, येऊन राह्यले का?"

"आलो, आलो!" मी रस्त्यावरूनच ओरडलो. मित्र हसले. तिचा आवाज येत होता तोवर मी ओ देत राहिलो.