पाण्याच्या नळीत कोण होतं?

माझी भाची गुद्रुन मॉलिक्युलर बायोलॉजी शिकायला डेन्मार्कमधल्या ऑर्हूसला, माझ्या शहरात आली, तेव्हा तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, फोनवर एवढंच सांगितलं, "तुझ्याकडे राहील. फार बोलते ती." आणि फोन ठेवला. आम्ही थ्युबोरोन बंदरावरची माणसं. आमच्याकडे पोरीचं लग्न ठरलं तरी बाप "हं, बरं झालं" म्हणतो आणि पुन्हा जाळं दुरुस्त करायला बसतो. अशा घराण्यात ही निपजली कशी, हे जीवशास्त्रालाच माहीत.

सकाळी उठली की ती टोस्टरशी बोलायची, जिन्यात शेजाऱ्यांच्या कुत्र्याशी. मी भाडेकरूंचे मोर्चे काढते. गुद्रुन बरोबर असली की भोंगा घरीच ठेवायचा.

तिचा विषय काय, हे मला पहिली दोन वर्षं उमगलं नाही. एकदा राय धान्याच्या काळ्या पावावर लिव्हर पेस्ट फासत मी तिला म्हटलं, "तुम्ही लोक न दिसणारं पाणी या नळीतून त्या नळीत ओतता आणि मग ते पडलं की नाही यावर भांडता. याला डिग्री?"

"आणि तू गं मावशी? न येणाऱ्या लोकांना न होणाऱ्या सभांची पत्रकं वाटतेस."

पोरगी आमचीच. शंका नको.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट आलं. गुद्रुनने बंदर गाठलं आणि तिथल्या कोळ्यांना बोलून बोलून असं दमवलं, की गप्प बसेल या आशेने एकेकाने तोंड उघडलं. तिने गालाच्या आतून कापूस फिरवून नमुने घेतले. मोठेपणी दूध पचवण्याचा गुण कुणाच्या डीएनएत आहे आणि कुणाच्या नाही, हे तिला शोधायचं होतं. जूनमध्ये तोंडी परीक्षा. प्रोजेक्ट गेलं तर डिग्री लांबणार, पुढचा प्रवेश हातचा जाणार आणि बंदरावरची माणसं जन्मभर विचारणार, "काय गं, आमच्या थुंकीचं काय झालं?"

आता या प्रयोगशाळेतल्या लोकांचा एक धर्म आहे. नमुन्यांच्या नळ्यांबरोबर एक नळी नुसत्या पाण्याची ठेवायची. बाकी सगळं तेच, फक्त नमुना नाही. मग पीसीआर करायचा, म्हणजे असलेल्या डीएनएच्या ढिगाने प्रती निघतात. पाण्यातून काही निघता कामा नये. निघालं, तर बाहेरचं कुणीतरी आत शिरलंय आणि शेजारच्या एकाही नळीचा भरवसा धरायचा नाही.

गुद्रुनच्या पाण्यातून निघालं. परत केलं, परत निघालं.

तिचा मार्गदर्शक हेनिंग नाकावर चष्मा ओढून म्हणाला, "ही तू आहेस. तू नळ्यांवर बोलतेस, थुंकी उडते. गुद्रुन, विज्ञान मौनातून होतं." आणि मौनाचं महत्त्व त्याने तिच्या खांद्यामागे उभं राहून जेवणाची सुट्टी होईपर्यंत सांगितलं.

पोरगी हादरली. एक मास्क लावला, मग त्यावर दुसरा, मग आतून ओठांवर चिकटपट्टी. संध्याकाळी घरी येऊन ती पट्टी काढायची आणि दिवसभराचं तुंबलेलं माझ्यावर सोडायची. शेजाऱ्यांचं कुत्रं जिना बदलून जायला लागलं. तरी पाण्यात डीएनए होताच.

"मी आता नाकाने बोलते की काय?" ती रडकुंडीला आली. "मावशी, मी मासेच विकायला जाते. गिऱ्हाइकाला थुंकी चालते."

माझं डोकं सटकलं. "तो म्हणाला म्हणून तू? पुरावा काय त्याच्याकडे? कुणी आरोप केला की मी आधी कागद मागते!"

ती घास तोंडाशी धरून थांबली. दुसऱ्या दिवशी तिने पाण्यातून निघालेला डीएनएच तपासायला घेतला. एक एन्झाइम असतं, ते दूध पचवणारा आणि न पचवणारा हे दोन प्रकार वेगळे करून दाखवतं. संध्याकाळी जिन्यातूनच आवाज आला, "मावशी, ती मी नाहीच! मी दूधवाली आहे, स्वतःला कधीच तपासलंय. पाण्यातल्याला दूध पचत नाही!"

"मग कोण?"

"आमच्या मजल्यावर सगळे बादल्या भरून दूध पितात. फक्त..." ती खुर्चीत बसली. "दर शुक्रवारी केक असतो. हेनिंग वरचं क्रीम खरवडून बशीच्या कडेला लावतो. म्हणतो, वजन वाढतं. मावशी, तो माणूस काठीसारखा आहे."

मी लगेच फलक रंगवायला कुंचला शोधू लागले. तिने तो हातातून काढून घेतला. "नाव घेता येत नाही. कुणाच्या डीएनएबद्दल त्याच्या परवानगीशिवाय बोलायचं नाही, नियम आहे. आणि क्रीम म्हणजे पुरावा नव्हे."

ती हेनिंगकडे गेली. "हेनिंग, उद्या मी काम करीन तेव्हा तू दाराबाहेर उभा राहा. परवा माझ्या मागे उभा राहा, नेहमीसारखा."

"मी? तीस वर्षं मी मुलांना..."

"तूच शिकवलंयस. तपासल्याशिवाय कुणाला निर्दोष म्हणायचं नाही."

स्वतःचंच वाक्य, गिळावं लागलं. तो काचेबाहेर उभा राहिला आणि काचेतून मौनाबद्दल बोलत राहिला. आत काही ऐकू येत नव्हतं. पाण्याची नळी कोरी निघाली. दुसऱ्या दिवशी तो मागे उभा राहिला आणि पाण्यातून डीएनए निघाला. हेनिंगने दोन्ही निकाल पाहिले, चष्मा पुसला आणि काही न बोलता गेला. हे इतकं अघटित होतं, की डिपार्टमेंटात लोकांनी त्याची तब्येत विचारली.

त्याला बाहेर ठेवूनच गुद्रुनने सगळे नमुने नव्याने केले. पण अहवालात त्या पाण्याचं काय लिहायचं? मार्क देणाऱ्यांत तोही होता. मी म्हटलं, "गाळून टाक. नाहीतर तो तुला बुडवेल." हे मी म्हटलं, जी आयुष्यभर कुणाला भ्यायली नाही! तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी भांडी घासायला उठले. तिने सगळं लिहिलं. नावाच्या जागी फक्त 'व्यक्ती क'.

परीक्षेला कोपनहेगनहून एक परीक्षक बाई आली होती. तिने नेमकं तेच पान उघडलं. "ही व्यक्ती क कोण?"

गुद्रुन म्हणाली, "सांगायची परवानगी माझ्याकडे नाही." आणि गप्प बसली. खरंच गप्प.

हेनिंगने टेबलावर हात ठेवला. "परवानगी दिली. मीच." मग ते कसं घडलं हे तो समजावू लागला, खांद्याची उंची, थेंबांचा वेग, फळ्यावर आकृती. शेवटी बाई म्हणाली, "हेनिंग, परीक्षा तिची आहे. खाली बस."

तिला दहा मिळाले. आमच्याकडे दहाच्या वर थेट बारा, आणि तेच सगळ्यात जास्त.

घराच्या दारात पोचल्यावर गुद्रुनने बूट काढले आणि म्हणाली, "मास्टर्सही मी हेनिंगकडेच करणार आहे."

"डोकं फिरलंय का? त्याने तुला महिनाभर थुंकी थुंकी म्हणून नाचवलं!"

"हो गं. पण त्या डिपार्टमेंटात माझ्याशी तोडीस तोड बोलणारा तो एकटाच आहे. फक्त नळ्या भरायच्या दिवशी एकाने बाहेर थांबायचं. आम्ही पाळ्या लावल्यात."