थाळीवरचा अभ्यास

नंदनवनहून आमच्या बसमध्ये चढलेल्या एका परीक्षार्थ्यासोबत त्याची आई होती. दचकलं की मेंदूच्या देठातला एक निळसर ठिपका नॉरॲड्रेनलिन हे रसायन सोडतो आणि तेव्हाचं सगळं पक्कं लक्षात राहतं, असं त्यानं वाचलं होतं. म्हणून तो एकेक उत्तर मोठ्यानं वाचायचा आणि मागून आई थाळी बडवायची. अख्खी बस दचकायची. रोजच्या सवयीमुळे तो मात्र ढिम्म.

परीक्षेचं ठिकाण जवळ आलं तसा तो रडवेला झाला. "आई, मले काहीच आठवून नाही राहिलं वं."

"मले तर सारं पाठ झालं गा," कंडक्टर म्हणाला.

मी उसळलो. "काकू, धाकानं माणूस शिकत नाही, गुलाम होतो."

"मंग तुमी शिकवा," ती म्हणाली. पण थाळी बाजूला ठेवून तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हा तो असा दचकला, की पहिलं उत्तर आपोआप त्याच्या तोंडून निघालं.