कमी वापराचा माणूस

चंद्रपूरच्या ज्या शाळेत मी गणित शिकवतो, तिथल्या स्टाफरूममध्ये एक समज आहे : मोबाईलचा रिचार्ज मारायचा तर आधी सरांना विचारावं. हा समज मीच वर्षानुवर्षं कष्टानं पसरवला. कुणाची व्हॅलिडिटी संपली की मी खडूच्या डब्याचं झाकण उलटं करून त्यावर रेघा मारतो, दिवस, मिनिटं, जीबी लिहितो, भागाकार करतो आणि समोरच्याला असा प्लॅन काढून देतो की तो महिन्याभरात मला शिव्या देत परत येतो. तरी पुन्हा मलाच विचारतो. गणिताच्या मास्तराला हा एक फायदा असतो. उत्तर चुकलं तरी लोक आपलीच एखादी पायरी चुकली असं धरून चालतात.

आमच्या घरात फोनवर सगळ्यांत कमी बोलणारा माणूस म्हणजे माझे बाबा. सावली तालुक्याच्या धानपट्ट्यात आमचं गाव. दोन-तीन बांध्या धानाच्या आणि गावच्या तलावातले मासे, यावर घर चाललं. बाबा जाळं टाकायचे, आई टोपली घेऊन आठवडी बाजारात विकायला बसायची. बाबांना पहिला फोन मीच घेऊन दिला, आणि त्यात रोजचा दीड जीबी असलेला प्लॅन मारला. फोन बटनांचा होता. त्यात नेट शिरायला वाटच नव्हती.

"हे जीबी म्हनते ते ठेवावं कुठी बापू?" बाबांनी विचारलं. "ढोली तर धानानं भरली हाय."

पुढं मी शहाणा झालो आणि त्यांना सगळ्यांत लहान प्लॅन मारत गेलो. तोही त्यांना जास्तच व्हायचा. "बोलाले मानूस समोर लागते," असं त्यांचं म्हणणं. फोनचा त्यांनी आणि आईनं मिळून एकच उपयोग शोधला होता. दिवस मावळायच्या आत तलावावरून निघायचं, हा आमच्याकडचा नियम. त्यानंतर तलावाची पाळ, म्हणजे बांध, वाघाचा. निघताना बाबा आईच्या फोनवर एक रिंग देऊन कापायचे. म्हणजे निघालो, आंधण ठेव. आई परत एक रिंग द्यायची. म्हणजे ऐकलं. मग चुलीवर भाताचं पाणी चढायचं. भात शिजेपर्यंत बाबा आले तर ठीक, नाही आले तर शेजाऱ्यांना हाक मारून टॉर्च घेऊन पाळीवर जायचं. यात दोघांचा छदामही खर्च होत नसे. झाकणावर कितीही रेघा मारल्या असत्या तरी याच्याहून स्वस्त काही मला सुचलं नसतं.

स्वतःचा नंबर बाबांच्या ध्यानात राहत नसे. म्हणून डोंग्याला, म्हणजे मासेमारीच्या होडीला, लावून उरलेल्या डांबरानं त्यांनी तो स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला होता. दहा आकडे, हाताएवढे. त्यातला सात अगदी माशाच्या गळासारखा. गावी गेलो की जेवताना तो नंबर माझ्यासमोर असायचा, आणि मी त्याच्याकडे कधी पाहिलं नाही.

तीन वर्षांपूर्वी धान कापणीच्या आधी, एका संध्याकाळी बाबांची रिंग आली. आईनं परत रिंग दिली, आंधण ठेवलं. भात शिजला. बाबा आले नाहीत. लोक टॉर्च घेऊन गेले तेव्हा ते पाळीवरच्या मोहाच्या झाडाला टेकून बसलेले होते. ओलं जाळं मांडीवर, फोन हातात. वाघबिघ काही नाही. बसल्या जागी छाती बंद पडली होती. फोनवर एक मिसकॉल होता, आईचा.

तेरवी झाल्यावर मी समजूतदार मुलाच्या आवाजात म्हटलं, "हा नंबर बंद करून टाकू का?"

"नोको करू," आई म्हणाली. "निंगाले होते ना ते."

बाबांचं जाळं खुंटीला होतं, त्याच खुंटीला आईनं फोनही एका पिशवीत घालून टांगला. संध्याकाळी चुलीवर पाणी ठेवलं, आपला फोन घेतला आणि दोन नंबरचं बटन दाबून धरलं. मीच तिला तसं लावून दिलं होतं. खुंटीवर बाबांचा फोन वाजला. एकदाच. त्याचा उजेड जाळ्यातून भिंतीवर पडला, सगळ्या भिंतीवर चौकटी-चौकटी झाल्या आणि विझल्या. माझ्या हातातला चहा पायावर सांडला. आईनं फोन ठेवला आणि तांदूळ धुवायला घेतले.

तेव्हापासून तो नंबर जिवंत ठेवायचं काम माझ्याकडे आलं. सावलीला माझा एक शाळासोबती मोबाईलचं दुकान चालवतो. पुढच्या रिचार्जच्या वेळी त्याच्याकडे गेलो.

"वापर किती हाय?" त्यानं विचारलं.

"नाही."

"नाई म्हंजे, कमी?"

"नाहीच."

"बोलत नाई? नेट बी नाई?"

"नाही."

"मंग करते काय बे तो मानूस?"

"वाजतो फक्त."

मी सांगितलेला नंबर त्यानं टाकला. आयुष्यभर त्यानं आमच्याच टोपलीतले मासे खाल्लेले, नंबर पाहताच त्याचा चेहरा उतरला. त्यानं सगळ्यांत लहान रिचार्ज मारला आणि पैसे मोजायच्या वेळी आत निघून गेला.

काही महिने मी नेमानं रिचार्ज मारत राहिलो. मग एक दिवस माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. हा फोन बोलत नाही, फक्त घेतो. घ्यायला कुठं पैसे लागतात? माझ्या डोक्यात अजून आयुष्यभर इनकमिंग फुकट असण्याचा जमाना चालू होता. झाकणावर मी चक्क लिहिलं, 'आउटगोइंग शून्य, सबब रिचार्ज शून्य', आणि खाली दोन रेघा ओढल्या. सोप्या उत्तराखाली ओढतात तशा.

संक्रांतीला गावी गेलो. आईनं दोन नंबरचं बटन दाबलं. खुंटी गप्प. आईच्या फोनातून एक बाई म्हणाली की हा नंबर सेवेत नाही.

"हे कधीपासून?"

"बाई रोज हेच सांगते," आई म्हणाली. "आवाज चांगला हाय तिचा."

मला दोषाचा एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी दुकान गाठलं. सोबत्यानं डोक्याला हात लावला. "अरे मास्तर, आता इनकमिंगले बी रिचार्ज लागते. तीन महिने झाले का नंबर गेला. आता तो कोनालेबी भेटन."

बाबांना मी दुसऱ्यांदा पोचवलं होतं, आणि या वेळी खांद्यालाही कुणी नव्हतं. पण चूक कबूल करील तो गणिताचा मास्तर कसला? मी नवं सिम घेतलं. बाबांच्या फोनात घातलं. आईच्या फोनात बाबांच्या नावापुढचा जुना नंबर पुसून नवा टाकला, दोन नंबरच्या बटनावर लावला. आई शाळेत गेलेली नाही. तिला काय कळणार? संध्याकाळी तिनं बटन दाबलं आणि खुंटीवर फोन वाजला. भिंतीवर चौकटी उमटल्या.

आईनं खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झाला?"

"झाला."

"बरं झालं बापू."

त्या दिवशी मी खूश होऊन भात दोनदा मागून घेतला.

मग गेल्या वर्षीची दिवाळी. दिवस कलला होता. आईनं आंधण ठेवलं, दोन नंबरचं बटन दाबलं, खुंटीवर रिंग वाजली. इथवर ठीक. पण मग ती दाराकडे तोंड करून बसली आणि फोनची बटनं एकेक दाबू लागली. वर बघायची, एक दाबायची. मला वाटलं, चाळा. कानाला लावून तिनं तो जरा वेळानं खाली ठेवला. मी पोहे खात होतो. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. आईचा फोन एकदा वाजला आणि बंद झाला.

"निंगाले," आई म्हणाली आणि भातावर झाकण ठेवलं.

मी फोन उचलला. नाव नव्हतं. नुसते दहा आकडे. समोर दारावर डांबरात तेच दहा आकडे होते, गळासारखा सात धरून. खुंटीवरचा फोन अंधारात गप्प होता.

शाळेत अंधश्रद्धा निर्मूलनाचं भाषण दर वर्षी मी करतो. भूत नसतं हे मी फळ्यावर आकृती काढून सिद्ध करतो. त्या घटकेला मी पहिलं काय केलं, तर खुंटीवरच्या फोनची बॅटरी काढली. मग तो माझ्याकडे पाठ करून ठेवला. मग अंगणात गेलो, गोठ्याच्या भिंतीला टेकलो आणि त्या नंबरवर फोन लावला.

"हलो," पलीकडून एक पुरुषाचा आवाज आला. मागं गाडीचं इंजिन घरघरत होतं. "कोन बोलून राह्यले?"

"तुम्ही कोण?"

"वा भाऊ, फोन तुमी लावला ना!"

माणूस माजरीकडे कोळशाच्या ट्रकवर होता. मी आईचं नाव काढताच त्याचा आवाज एकदम खाली आला.

"ते तुमची माय हाय का? भाऊ, गुस्सा नोका करू. सिम नवं घेतलं तवापासून रोज सांजच्याले एक रिंग येते आन कटते. पयले पयले मी परत लावलो, तं कोनी उचलेच ना. मले भेव लागे. मंग सवय झाली. म्हनलं, कोनाची तरी माय हाय, पाहून राह्यली आपन निंगालो का नाई. मले माय नाई. तं ड्युटी सुटली का मीबी एक रिंग देतो आन घरी निंगतो."

मी गोठ्याच्या भिंतीचा पोपडा नखानं काढत राहिलो.

"पन आता ते बी राहनार नाई भाऊ," तो म्हणाला. "हा नंबर सोडून राह्यलो. दोन सिमचे पैसे परवडत नाई. याच्यावर तसाबी कोनाचा फोन येत नाई, तुमच्या मायचा सोडून."

आत आलो. आई चुलीशी होती.

"बोलला त्याच्याशी?" तिनं विचारलं. "जेवला का इचारलं का त्याले?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. सगळंच. मी खाली बसलो. "तुला वाचता कुठं येतं?"

"अक्षर नाई येत. आकडे येते. जलम गेला बाजारात मासे मोजून इकन्यात, तराजू का तू पाहे?" तिनं दाराकडे हात केला. "तू बटन लावून देल्लं त्या दिवशी म्या हा नंबर हातानं लावला. ती बाई तसंच बोले. पन बटन दाबलं का खुंटीवरचा वाजे. मंग समजलं."

"मग बोलली काऊन नाही?"

"तू किती खूश होता."

चूल जरा फुंकून ती पुढं म्हणाली, "मंग हाच लावत गेली, रोज. एक दिवस वाजला. म्या खुंटीकडे पाह्यलं. इथी नोयता वाजत. कुठीतरी वाजून राह्यला होता."

मी हळूच विचारलं, "तुला वाटलं का, बाबा..."

"येडा हायस का? तुहे बाबा कधी रोज एवढ्या टायमावर निंगाले?" ती हसली. मग हसणं थांबलं. "पन कोनीतरी निंगते ना. तुहे बाबा निंगाले आन आलेच नाई. हा निंगते, पोचते. पोचला का दुसऱ्या दिवशी रिंग येतेच."

तो नंबर सोडतोय, हे मग सांगावंच लागलं. तिचा पळीचा हात थांबला. उकळी भांड्याबाहेर आली तरी तिनं झाकण उचललं नाही. शेवटी मीच उचललं, बोटं भाजून घेतली आणि म्हटलं, "रिचार्ज मी मारतो."

"आता तरी हिसाब बरोबर कर."

ट्रकवाल्याला पुन्हा फोन केला. तो आधी नको-नको म्हणाला, मग म्हणाला, मायसाठी ठेवतो. दुकानात मी झाकणबिकण काही काढलं नाही. वर्षभराचा, सगळ्यांत लांब मुदतीचा प्लॅन मागितला. सोबत्यानं नंबर पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"बाबाचा? भेटला वापस?"

"नंबर बाबांचा. माणूस दुसरा."

"वापर?"

"दिवसाला एक रिंग."

"कमीच हाय," म्हणाला आणि मारला.

निघताना आईनं खुंटीवरचा फोन माझ्या हातात दिला. "हा घेऊन जाय. याच्यात तुहा नंबर हाय, त्यायचा नाई." आता तो माझ्या चंद्रपूरच्या घरी फ्रिजवर असतो. दिवस कलला की आई आधी दारावरचा नंबर लावते आणि मग दोन नंबरचं बटन दाबते. फ्रिजवर एक रिंग वाजते. बायको टीव्हीचा आवाज कमी करते. आमच्या घरच्या भाषेत त्या रिंगचा अर्थ 'ऐकलं' असा आहे. मी 'निघालो' असं काही म्हटलेलंच नसतं.

म्हणून गेल्या महिन्यात एका शनिवारी शाळा सुटल्यावर बसनं सावलीला उतरलो आणि स्टँडवरून आईला एक रिंग दिली. निघालो. तिची परत रिंग आली. तेवढ्यात सोबत्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक प्लॅनवरून अडलं होतं, आणि सोबत्यानं मला हाक मारली. मी झाकण मागितलं. नुसत्या दोन भागाकारांचं काम होतं. चहा आला, दुसरा आला. बाहेर पाहिलं तर दिवे लागले होते.

गावच्या फाट्यावर ऑटोतून उतरून पाळीच्या वाटेला लागलो, तर समोरून टॉर्च येत होते. चार-पाच. लोक मोठमोठ्यानं बोलत येत होते, वाघ असला तर ऐकावं म्हणून. सगळ्यांच्या पुढं आई होती, पदर खोचलेला, पाय अनवाणी. मोहाच्या झाडापाशी तिनं टॉर्च माझ्या तोंडावर धरला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"माय, दुकानात जरा..."

"निंगालो म्हनलं का याव लागते," ती म्हणाली आणि माझं मनगट धरलं. घरी पोचेपर्यंत सोडलं नाही.